काटा, चमचा आणि वेगळा कप

परवा ऑफिसात 'डायनिंग एटिकेट'चं ट्रेनिंग झालं. ऑनसाईटला जाणाऱ्या सगळ्यांना कंपल्सरी! सूटबूटवाल्या ट्रेनरने दोन तास काटा डाव्या हातात, सुरी उजव्या हातात, नॅपकिन मांडीवर असं घोटवून घेतलं. इथवर ठीक. मग गडी म्हणाला, "हाताने जेवणं सिव्हिलाइज्ड जगात कुठेच चालत नाही." माझ्या शेजारी टीममधला नवा पोरगा बसला होता, लातूरकडचा. हा रोज डब्यात भाकरी-पिठलं आणतो, बुक्कीने कांदा फोडतो आणि मजेत जेवतो. दुसऱ्या दिवशी बघतो तर पठ्ठ्या चमच्याने भाकरीचे तुकडे उचलायची कसरत करतोय. माझं डोकंच सटकलं.

आता काटा-चमचा शिकायला माझी अजिबात ना नाही. ज्याच्या घरी जेवायला जाल त्याची रीत पाळावी, हा साधा शहाणपणा आहे. जपानमध्ये भातात चॉपस्टिक्स उभ्या खोचू नयेत, कारण तो भात मृताला वाहिलेला असतो. सोबा मात्र खुशाल सुर्र सुर्र आवाज करत ओढाव्यात. फ्रान्समध्ये मनगटं टेबलावर दिसली पाहिजेत, इंग्लंडमध्ये रिकामा हात मांडीवर ठेवलेला चालतो. हे शिकवा की! पण 'त्यांची रीत अशी आहे' हे एक वाक्य आणि 'तुमची रीत रानटी आहे' हे दुसरं. ट्रेनर महाशय पहिल्याचे पैसे घेऊन दुसरं विकत होते.

आणि 'सिव्हिलाइज्ड जग' म्हणजे नक्की कुठलं हो? अकराव्या शतकात व्हेनिसमध्ये लग्न होऊन आलेली एक बायझंटाईन राजकन्या सोन्याच्या काट्याने खायची. अन्नाला बोट लावत नाही म्हणजे काय नखरे, म्हणून पीटर डेमियन या धर्मगुरूने तिच्यावर सडकून टीका केली. थॉमस कोरियट नावाचा इंग्रज 1608 मध्ये युरोपभर फिरला, इटलीत काटा बघून खूश झाला, आणि 1611 मध्ये पुस्तकात लिहिलं की सगळ्यांची बोटं सारखीच स्वच्छ नसतात म्हणून हे लोक काटा वापरतात. इंग्लंडात येऊन काट्याने खायला लागला तर मित्रांनी त्याची टर उडवली! (हाच कोरियट पुढे चालत चालत हिंदुस्थानात आला आणि 1617 मध्ये सुरतेत वारला.) म्हणजे ज्या काट्यावरून आज आम्हाला शिकवणी, तो चारशे वर्षांपूर्वी तिथे थट्टेचा विषय होता.

तरी टोमणे संपत नाहीत. 2012 मध्ये ओप्रा विन्फ्रे भारतात आल्या आणि एका घरी जेवताना म्हणाल्या की भारतात काही लोक अजूनही हाताने जेवतात असं ऐकलंय. त्या 'अजूनही'वर केवढा गदारोळ झाला होता! 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाचे उमेदवार झोहरान ममदानी हाताने भात खाताना दिसले, तर अमेरिकन काँग्रेसच्या एका सदस्याने, सुसंस्कृत लोक असं जेवत नाहीत, तिसऱ्या जगात परत जा, असं जाहीर लिहिलं. स्वतःच्या देशात बर्गर, पिझ्झा, टाको काय पायाने खातात?

इथपर्यंत वाचून माना डोलावत असाल तर मंडळी, जरा थांबा. आता आपली पाळी.

आपल्याकडे पानात मीठ कुठे, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, सगळं ठरलेलं. मला ते आवडतंही. पण त्याच पंगतीत कोण कोणाशेजारी बसणार हेही ठरलेलं होतं, आणि बायका सगळ्यांचं आटोपल्यावर उरलंसुरलं खाणार हेही. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहाच्या कपावरून एवढं रान उठलं की रानडे आणि टिळकांनाही प्रायश्चित्ताच्या लफड्यात पडावं लागलं. चहाने काही बिघडलं नव्हतं, तो कोणाच्या हातचा होता यावरून रामायण!

जुनी गोष्ट झाली म्हणाल. त्या ट्रेनिंगच्या संध्याकाळी मी घरी तावातावाने बायकोला हे सगळं सांगत होतो. स्वयंपाकाच्या मावशी ओट्यापाशी उभ्या राहून चहा पीत होत्या. कप खिडकीतला, कान तुटलेला. तो 'त्यांचा' कप. कोणी ठरवलं? आठवत नाही. आधीच्या घरीही असाच एक कप होता. ज्या बाईने मळलेली कणीक आम्ही रोज खातो, तिच्या ओठाला लागलेला कप आमच्या कपांत मिसळत नाही. मी बोलता बोलता गप्प झालो.

ट्रेनरने त्या पोराला भाकरीची लाज वाटायला लावली, म्हणून मी चिडलो होतो. पण त्याने निदान दोन तासच घेतले. आम्ही हे रोज, न बोलता, स्वच्छतेच्या नावाखाली करतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की हाताने जेवा, काट्याने जेवा, ज्याला जे जमेल ते. पण जी रीत समोरच्याला खाली बघायला लावते ती न्यूयॉर्कची असो की सदाशिव पेठेची, तिला मॅनर्स म्हणू नका.

दुसऱ्या दिवशी तो कप टाकून दिला. मावशींना आमच्याच सेटमधला कप दिला आणि बसा म्हटलं. त्या संकोचून टेबलाच्या कडेला बसल्या. इतकी वर्षं उभं ठेवल्यावर एका दिवसात आणखी काय होणार?

असो. सोमवारी डब्याला मी पण भाकरी नेणार आहे. कांदा त्या पोराकडून फोडून घेईन.