लावणी की कापणी?

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर राजस्थानच्या हद्दीत नीमराणा हे गाव लागते. २००६ साली झालेल्या करारानंतर येथे जपानी उद्योगांसाठी खास औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. राष्ट्रीय राजधानी प्रदेशात मोडणाऱ्या या भागात हिवाळ्यात मोहरीची शेते पिवळीधमक होतात आणि होळीच्या सुमारास तेथे 'लावणी' सुरू होते. हा शब्द ऐकून मराठी माणूस थबकतो. उभ्या पिकात लावणी कसली? आपल्याकडे लावणी म्हणजे भाताची रोपे चिखलात लावणे. राजस्थानात लावणी म्हणजे पिकाची कापणी! मराठीतील शब्द 'लावणे' या क्रियापदापासून आला. राजस्थानी शब्दाचे नाते संस्कृतातील 'लू' म्हणजे कापणे या धातूशी आहे. अक्षरे तीच, उच्चार तोच. पण एक शब्द हंगामाच्या आरंभाचा, तर दुसरा अखेरचा.

जपानी लिपीतील गोष्ट नेमकी उलटी आहे. कापणीसाठी चिनी लिपीत एक जुने चिन्ह आहे. त्याच्या डाव्या बाजूला झुकलेल्या कणसाचे रोप आणि उजव्या बाजूला, खालच्या अंगाला, काहीतरी पकडणारा हात आहे. या चिन्हाचा उच्चार चिनी माणूस 'हुओ', जपानी 'काकु' आणि कोरियन 'ह्वाक' असा करतो. व्हिएतनामी उच्चार 'ह्वाइक'च्या जवळ जातो. 'गोळा करणे' या अर्थाचे चिन्ह त्याला जोडले की 'पीक काढणे' हा शब्द तयार होतो. तो चिनीत 'शोउहुओ', जपानीत 'शूकाकु' आणि कोरियनमध्ये 'सुह्वाक' होतो. आज कोरियात बहुतेक लेखन त्यांच्या स्वतःच्या लिपीत आणि व्हिएतनाममध्ये रोमन लिपीत होते. चीनमध्येही हे चिन्ह आता सोप्या रूपात लिहितात. तरीही शब्दांचे नाते टिकून आहे.

एकाच चिन्हाचे इतके उच्चार कसे, असे तुम्हाला वाटेल. पण आपणही रोज हेच करतो. ५ हा अंक पाहून मराठी माणूस 'पाच' म्हणतो, तमिळ माणूस 'अंजु' म्हणतो आणि जपानी माणूस 'गो' म्हणतो. उच्चार वेगळे असले तरी अर्थाबद्दल वाद होत नाही. चिनी चिन्हे बऱ्याच अंशी अशीच अर्थ वाहून नेतात. आपली देवनागरी ध्वनी वाहून नेते.

म्हणूनच मला एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. अक्षरे वाचता येणे ही साक्षरतेची पहिली पायरी आहे. तिला शेवटची पायरी समजू नये. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला हिंदी पाट्या सहज वाचता येतात आणि तेथेच तो फसू शकतो. मराठीत 'पीक' शेतात उभे असते. हिंदीत 'पीक' म्हणजे पान खाऊन टाकलेली पिचकारी. तेथील 'शिक्षा' शाळेत मिळते, आपली शिक्षा न्यायालयात. या गोष्टींवर हसता येईल. परंतु 'राजीनामा' या शब्दावर हसून चालणार नाही. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी किंवा पद सोडल्याचे पत्र. हिंदीत, विशेषतः न्यायालयाच्या आवारात, राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांनी मान्य केलेली तडजोड. अशा कागदावर एखादा कामगार केवळ शीर्षक वाचून सही करील, तर आपण काय मान्य केले हे त्याला नंतरच कळेल.

काही जण म्हणतात की साऱ्या देशाची लिपी एक झाली तर असे गैरसमज उरणार नाहीत. मला ते पटत नाही. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच आहे, तरीही गैरसमज होतातच. अर्थवाहक चिन्हेही याला अपवाद नाहीत. 'हात' आणि 'कागद' ही दोन चिन्हे एकत्र लिहिली, तर जपानी वाचकाला त्यात 'पत्र' दिसते, चिनी वाचकाला शौचालयातील कागद! कोणतीही लिपी समजून घेण्याचे कष्ट वाचवीत नाही.

मोठेपणी पुन्हा शिकू लागलेल्या माणसाला अर्थ विचारण्याचा संकोच वाटतो. 'वाचता येते, मग विचारता कशाला?' असे कोणी म्हणेल, ही भीती असते. ती मनातून काढून टाका. अर्थ विचारणे हे अज्ञानाचे लक्षण नव्हे. ते जबाबदार वाचकाचे लक्षण आहे. नीमराण्याच्या शेतात 'लावणी म्हणजे काय हो?' असे विचारणारा मराठी माणूस एक नवा शब्द शिकून परततो. न विचारणारा मात्र रोपे कोठे आहेत ते शोधत राहतो.