बांधावरचे पाणी कोणत्या नदीला?



पहिला मोठा पाऊस झाला की गावोगाव एक भांडण उभे राहते. खालच्या रानाचा धनी म्हणतो, "दादा, तुमच्या पाण्यानं माझा बांध फुटला." वरचा म्हणतो, "पाऊस काय मी पाडला?" दोघांचेही खरे असते. म्हणून आज पाण्याची वाट पाहू.

मानवत तालुक्याच्या उत्तरेला दुधना वाहते, दक्षिणेला गोदावरी. मधले रान सपाट दिसते, पण पाण्याला बोटभर उतारही कळतो. उंचवट्याच्या एका अंगाचे पाणी ओढ्याने दुधनेला जाते, दुसऱ्या अंगाचे गोदेला. दुधना पुढे पूर्णेला मिळते आणि पूर्णा कंठेश्वरजवळ गोदावरीला. एका धुऱ्यावर वेगळे झालेले पाणी असे पुन्हा एकत्र येते. ज्या रानाचे पाणी एका ओढ्यात उतरते, ते सारे त्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र. त्यात तुमचा सातबारा वेगळा, शेजाऱ्याचा वेगळा. पाण्याला मात्र ते एकच रान.

आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. पहिले पाणी भेगांतून आत जाते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचे पाणी वरूनच पळते. जाताना ते सकस माती नेते. ओढा गढूळ झाला की आपलेच रान चालले म्हणून समजावे. हीच माती पुढे धरणांत गाळ होऊन बसते.

उपाय माथ्यापासून करावा. खालचाच बांध उंच केला तर वरचे सारे पाणी त्याच्यावर येते व तो फुटतो. हलक्या जमिनीत समपातळीचे बांध चालतात. खोल काळ्या जमिनीत पाणी तुंबते, म्हणून तेथे किंचित ढाळ देऊन बांध घालावेत आणि जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवावा. नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी.

पुढच्या पावसात वरचा आणि खालचा, दोघांनी डोक्यावर पोते घेऊन बांधावर उभे राहावे. पाणी कुठून येते, कुठे फोडते, ते मिळून पाहावे. सांडव्याची जागा तिथेच ठरेल, आणि खर्च निम्मा-निम्मा वाटून घेता येईल. तारखांना कोर्टात जाण्यापेक्षा तो नक्कीच कमी पडेल.