परिवीक्षा अधिकारी व त्यांचें शिक्षण

कायदा उत्तम असला म्हणजे न्यायही आपोआप उत्तम होतो, हा समज किती भ्रामक आहे, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें १९५८ सालचा अपराधी परिवीक्षा कायदा पुढें घ्यावा. आमच्या प्रांतास हें तत्त्व नवें नव्हे. मुंबई इलाख्याचा असा स्वतंत्र कायदा १९३८ सालींच झाला होता. प्रथमच पाय घसरलेल्या माणसास सराईत चोरांच्या संगतींत न कोंडतां, सद्वर्तनाच्या हमीवर व देखरेखीखालीं घरीं राहूं द्यावें, हें त्याचें सार होय.

एकवीस वर्षांखालील अपराध्यास कैदेत पाठवावें कीं नाहीं, हें ठरवितांना न्यायाधीशानें परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागविलाच पाहिजे, असें ६ व्या कलमाचें बंधन आहे. हा अहवाल ७ व्या कलमान्वयें गोपनीय असतो. साक्षीदाराची उलटतपासणी वकील करूं शकतो. परंतु या अहवालास उत्तर देण्याची संधि न्यायाधीश देईल तेव्हांच मिळते. अर्थात् एका तरुणाचें सारें आयुष्य एका अधिकाऱ्याच्या चार ओळींवर टांगलेलें असतें. असें असतां, अधिकारी कोणास नेमावें हें सांगणाऱ्या १३ व्या कलमांत त्याच्या शिक्षणाविषयीं एक अक्षरही नसावें, हें आश्चर्य नव्हे काय?

घरच्या माणसांस न घाबरवितां खरी हकीकत काढणें, शेजाऱ्यांची कुजबुज व सत्य यांतील भेद ओळखणें, व्यसन आणि मनोविकार यांची लक्षणें जाणणें, हीं कामें उपजत बुद्धीनें होत नाहींत. १८७१ सालीं कित्येक जमातींच्या कपाळीं मारलेला गुन्हेगारीचा शिक्का १९५२ सालीं कायद्यानें पुसला. पण तो सर्वांच्या मनांतूनही पुसला गेला, असें कोण म्हणेल? अशिक्षित लेखणींतून तोच शिक्का गोपनीय अहवालांत उतरला, तर त्याचा पत्ता आरोपीस लागणारही नाहीं.

आमचे व्यापारी बंधू विचारतील कीं, चोरास मोकळें सोडून वर त्याच्या रखवालदाराच्या शिक्षणावर आमचा कर कां खर्चावा? त्यांस आमचें उत्तर असें कीं, कैदेनें गेलेला माल परत येत नाहीं. उलट ५ व्या कलमान्वयें न्यायालय नुकसानभरपाई देववूं शकतें, व ती फेडण्यास अपराध्याला साह्य करणें हें १४ व्या कलमानें याच अधिकाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या न्याय संहितेनें, पांच हजार रुपयांच्या आंतील पहिल्या चोरीस, माल वा त्याची किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. तुरुंगाबाहेरील शिक्षेचा विस्तार होत असतां, अशा माणसांस हाताळण्याची विद्या दुर्लक्षून कसें चालेल?

सरकारनें नवा कायदा करण्याची गरज नाहीं. १७ व्या कलमानें नियम करण्याचा अधिकार राज्य सरकारास आहेच. नव्या अधिकाऱ्यानें कांहीं महिने अनुभवी अधिकाऱ्याबरोबर न्यायालयांत, तुरुंगांत व वस्त्यांत हिंडल्यावांचून स्वतंत्र अहवाल लिहूं नये. पुढेंही दरवर्षीं त्याची उजळणी व्हावी. समाजकार्याचें शिक्षण देणारी टाटा संस्था मुंबईंत १९३६ पासून आहे. तिच्यासारख्या संस्थांचें साह्य घ्यावें. जिल्हा वकील संघांनीं कायद्याचे पाठ द्यावे. तुरुंगाच्या भिंतींवर होणाऱ्या खर्चाबद्दल आपण कधीं तक्रार करीत नाहीं. मग त्या भिंतींआड जाण्यापासून एखाद्या मुलास वांचविणाऱ्या माणसाच्या तयारीसाठींच हात आखडता कां?