काच बदलली, सुरक्षेचे काय?

शहरात एखाद्या बंदला हिंसक वळण लागले, की रस्त्याकडेला उभ्या असलेल्या मोटारींच्या काचा फुटतात. मुलांच्या क्रिकेटचा चेंडू, पावसाळ्यात कोसळणारी फांदी, सिग्नलवर मागून आदळणारी दुचाकी ही कारणे तर बारमाही आहेत. मागची काच फुटते तेव्हा तिला तडा जात नाही. क्षणार्धात तिचा चुरा होतो. मोटारमालकाला दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय गाठायचे असते. तो जवळच्या दुकानात जातो, तासाभरात नवी काच बसते, पैसे चुकते होतात आणि विषय संपतो. निदान तसा समज असतो. प्रत्यक्षात ती काच कोणती होती, ती कशाने चिकटवली आणि तिच्यातून किती उजेड आत येतो, हे तीन प्रश्न अनुत्तरितच राहतात. त्यांची उत्तरे मिळतात ती पहिल्या मोठ्या पावसात, रात्रीच्या घाटात किंवा दुसऱ्या अपघातात.

दोन काचा, दोन स्वभाव

मोटारीची पुढची आणि मागची काच दिसायला सारखी असली, तरी त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. पुढची काच लॅमिनेटेड असते. काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा असल्याने ती फुटली तरी जागेवर टिकून राहते. तिला गेलेला लहानसा टवका राळ भरून दुरुस्तही करता येतो. बहुसंख्य मोटारींची मागची काच मात्र टफन्ड, म्हणजे तापवून एकदम थंड केलेली असते. सुमारे सहाशे अंश सेल्सिअसच्या वर तापवलेल्या काचेवर थंड हवेचे झोत सोडले, की तिचा पृष्ठभाग आवळला जातो आणि आतला भाग ताणाखाली राहतो. या ताणामुळेच ती साध्या काचेपेक्षा कितीतरी बळकट होते आणि या ताणामुळेच ती एका ठिकाणी फुटली की सगळीच्या सगळी फुटते. तिचे तुकडे सुरीसारखे नसून बोथट खड्यांसारखे होतात. प्रवाशांना खोल जखमा होऊ नयेत, हा त्यामागील हेतू आहे.

याचे दोन व्यावहारिक परिणाम होतात. एक म्हणजे मागच्या काचेची दुरुस्ती होत नाही. ती बदलावीच लागते. दुसरा म्हणजे तयार झालेली टफन्ड काच नंतर कापता किंवा भोकता येत नाही. मागच्या वायपरसाठी असलेले भोकही काच तापविण्यापूर्वीच पाडावे लागते. सबब, ‘थोडी मोठी आहे, घासून बसवून देतो’ असे कोणी सांगितले, तर तेथूनच परतलेले बरे. टफन्ड काचेची कड हाच तिचा सर्वांत दुबळा भाग असतो. कडेला बसलेला लहानसा आघात त्या दिवशी दिसत नाही. काही महिन्यांनी उन्हात उभ्या असलेल्या गाडीची काच ‘आपोआप’ फुटते, तेव्हा तो कळतो.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० हा काचेसंबंधीचा मूळ नियम आहे. वाहनाची काच सुरक्षा काच असावी आणि ती आयएस २५५३ (भाग २) या भारतीय मानकाला उतरणारी असावी, असे तो सांगतो. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पलीकडे गेला पाहिजे. मागची काच बाजूच्या काचांच्या गटात नाही, ती पुढच्या काचेच्या गटात आहे. ही गोष्ट अनेक मोटारधारकांना ठाऊक नसते आणि कित्येक दुकानदार ती सांगत नाहीत.

काळ्या फिल्मचा वाद याच नियमातून उद्भवला. अविषेक गोयंका यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी निर्णय दिला आणि ४ मे २०१२ पासून काचांवर फिल्म चिकटविण्यास देशभर मनाई झाली. काच कारखान्यातून रंगछटेसह आली आणि प्रकाशाची मर्यादा पाळत असली तर चालेल; बाहेरून काहीही चिकटवता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. पुढे २०२० मध्ये नियम १०० मध्ये दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२१ पासून ‘सेफ्टी ग्लेझिंग’ ही व्यापक संज्ञा आली. त्यात आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेचाही समावेश होतो. या दुरुस्तीच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा पाळणाऱ्या फिल्मला दंड करता येणार नाही, असा निर्णय दिला. मात्र रस्त्यावरील पोलिस आणि मोटारमालक यांच्यातील वाद त्यामुळे मिटला, असे म्हणता येणार नाही. मागची काच बदलताना ‘जुन्यासारखीच काळी करून द्या’ अशी मागणी करणाऱ्याने मर्यादा कोणत्याही निर्णयाने शिथिल झालेली नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे.

फिल्मचा आणखी एक पैलू मुंबईकरांना सांगण्याची गरज नसावी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा पाण्यात अडकलेल्या बंद मोटारींमध्ये काही जणांचा जीव गेला. विजेवर चालणाऱ्या खिडक्या पाण्यात निकामी झाल्या आणि दारे उघडेनात. अशा वेळी टफन्ड काच हा अखेरचा मार्ग असतो. टोकदार हातोडीने कोपऱ्यावर घाव घातला, की ती कोसळते. जाड फिल्म चिकटवलेल्या काचेचा चुरा मात्र फिल्मला धरून राहतो आणि तेवढाच वेळ वाया जातो.

नियम जेथे थांबतो

काच कशी असावी, हे नियम सविस्तर सांगतो. ती कशी बसवावी, याबाबत तो मौन बाळगतो. खरी मेख येथेच आहे. ॲम्बेसेडर, प्रीमियर पद्मिनी यांच्या काळात काच रबराच्या बीडिंगमध्ये बसत असे. रबराच्या खाचेत दोरी घालायची, साबणाचे पाणी लावायचे आणि आतून दोरी ओढत काच बसवायची, ही कला गल्लोगल्लीच्या कारागिरांना अवगत होती. आज बहुतेक मोटारींची मागची काच पॉलियुरेथेन या चिकटद्रव्याने थेट पत्र्याला चिकटवलेली असते. हॅचबॅकमध्ये तर ती मागच्या दरवाजाच्या बळकटीचाच भाग असते. काम दोरीचे राहिलेले नाही, रसायनाचे झाले आहे. कारागिराचे शिक्षण मात्र अनेक ठिकाणी दोरीच्या काळातच थांबले आहे.

योग्य पद्धत गुंतागुंतीची नाही, पण ती सबुरी मागते. प्रथम काचेचा चुरा डिकीतून, आसनांच्या फटींतून आणि दरवाजाच्या पोकळीतून यंत्राने ओढून घ्यावा लागतो. तेथे राहिलेले खडे पाण्याचा निचरा अडवतात आणि वर्षभर खुळखुळत राहतात. जुने चिकटद्रव्य पत्र्यापर्यंत खरवडायचे नसते. एक-दोन मिलिमीटरचा घट्ट थर शिल्लक ठेवून त्यावरच नवा थर द्यायचा असतो, कारण त्याची पत्र्यावरील पकड कारखान्यातील असते. पात्याने कोठे रंग निघालाच, तर तेथे प्रायमर लावणे अनिवार्य आहे. ते टाळले की दोन पावसाळ्यांत गंज धरतो आणि गंजलेल्या पत्र्यावर कोणतेही चिकटद्रव्य टिकत नाही. काचेच्या कडेने असणारा काळा पट्टा शोभेचा नसतो. तो उन्हातील अतिनील किरणांपासून चिकटद्रव्याचे रक्षण करतो. हा पट्टा नसलेली किंवा अरुंद असलेली काच स्वस्त का मिळते, हे यावरून समजावे.

सर्वाधिक नुकसान करते ती सिलिकॉनची नळी. न्हाणीघराच्या फरशीसाठी वापरले जाणारे, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन काच धरून ठेवते; पण त्यातून सुटणारे आम्ल पत्र्याला गंज आणते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पॉलियुरेथेन धड चिकटत नाही. म्हणजे एकदा केलेली चूक पुढच्या योग्य कामातही आडवी येते.

पावसाळ्याची एक गंमत अशी, की पॉलियुरेथेन हवेतील आर्द्रतेनेच घट्ट होते. मुंबई-कोकणची दमट हवा त्याला पोषक असते. परंतु हवा दमट असणे वेगळे आणि पत्रा ओला असणे वेगळे. भर पावसात रस्त्याकडेला ताडपत्री धरून बसवलेली काच गळते, ती या फरकाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. काच बसल्यावर गाडी केव्हा हलवावी, हे त्या चिकटद्रव्याच्या उत्पादकाने ठरवून दिलेले असते. तेवढा वेळ थांबणे, पहिला दिवसभर एक खिडकी किंचित उघडी ठेवणे आणि दरवाजे न आपटणे आवश्यक असते. सर्व काचा बंद असताना दार आपटले, की आतील हवेचा दाब ओल्या चिकटद्रव्याला बाहेर ढकलतो. जोराच्या फवाऱ्याने गाडी धुणेही एक-दोन दिवस टाळावे लागते.

दिव्याखालचा अंधार

मागच्या काचेवरील बारीक आडव्या रेषा म्हणजे डिफॉगर. चांदीमिश्रित लेपाच्या या रेषांतून वीज वाहते, काच तापते आणि धुके विरते. खंडाळ्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात जुलैमध्ये गाडी चालवणाऱ्याला त्यांचे मोल वेगळे सांगायला नको. एकाच मॉडेलच्या स्वस्त आवृत्तीत अनेकदा या रेषा नसतात. आकार तोच असल्याने ती काच महागड्या आवृत्तीच्या गाडीवर चपखल बसते. बटण दाबले की दिवाही लागतो. पण काच काही स्वच्छ होत नाही. काही गाड्यांत रेडिओची अँटेनाही याच काचेत असते. म्हणून काम ताब्यात घेण्यापूर्वी डिफॉगर, वायपर, वरचा ब्रेक दिवा आणि रेडिओ तपासणे, तसेच कडेने पाणी सोडून डिकीतील गालिचा कोरडा राहतो का ते पाहणे, एवढे तरी ग्राहकाने करावयास हवे. काचेच्या कोपऱ्यातील मानकाची खूण आणि उत्पादकाचे नाव वाचायला तर एक मिनिटही लागत नाही.

मोटारींच्या काचा बनविणारे मोठे कारखाने चाकण आणि तळोज्यात, म्हणजे पुण्या-मुंबईच्या अंगणातच आहेत. नाना पेठेपासून कुर्ल्यापर्यंतच्या सुट्या भागांच्या बाजारात चांगली काच मिळत नाही, असे नाही. ती ओळखून मागण्याची सवय नाही, एवढेच.

विम्याचे गणित

काचेच्या बाबतीत विम्याचा नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. काचेवर घसारा शून्य असतो. दंगल, संप आणि हेतुपुरस्सर नासधूस यांपासूनचे नुकसानही अशा पॉलिसीत येते. केवळ तृतीय पक्ष विमा असणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. सक्तीचा स्वहिस्सा मात्र द्यावा लागतो. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारींना तो १००० रुपये, तर त्याहून मोठ्या मोटारींना २००० रुपये आहे.

खरा खर्च दडलेला असतो ‘नो क्लेम बोनस’मध्ये. दावा न केल्यास हा बोनस पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून वाढत २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्क्यांवर जातो. एक दावा केला, की तो शून्यावर येतो. समजा, एखाद्याचा स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा मूळ हप्ता १० हजार रुपये आहे आणि ५० टक्के बोनसमुळे तो ५ हजार भरतो. हप्ता स्थिर धरला, तर दाव्यानंतरच्या पाच वर्षांत त्याला अनुक्रमे ५०००, ३०००, २५००, १५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,५०० रुपये जादा मोजावे लागतील. लहान मोटारीची मागची काच याहून स्वस्तात बसत असेल, तर दावा न करणेच शहाणपणाचे. बोनस सुरक्षित ठेवणारे जोडकलम घेतले असल्यास हिशेब बदलतो. हे गणित दोन मिनिटांचे आहे. पण ते दुकानात नव्हे, पॉलिसीचा कागद समोर ठेवून घरी करायला हवे.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा अधिकार’ संकेतस्थळ सुरू केले आणि त्यात मोटार उद्योगाचाही समावेश केला. उत्पादकांनी दुरुस्तीची माहिती खुली करावी, ही त्यामागील कल्पना स्वागतार्ह आहे. तथापि माहिती खुली होणे आणि ती रस्त्यावरच्या कारागिरापर्यंत त्याच्या भाषेत पोहोचणे, यांत मोठे अंतर आहे. कोणते चिकटद्रव्य वापरले, कोणत्या मानकाची काच बसवली आणि गाडी किती वाजल्यानंतर हलवावी, या तीन ओळी प्रत्येक बिलावर लिहिणे बंधनकारक केले, तरी निम्मा गोंधळ निस्तरेल. त्यासाठी ना नवे महामंडळ लागते, ना मोठा निधी. तोवर हे तीन प्रश्न ग्राहकानेच विचारावे लागतील. मागची काच ही चालकाला मागचा रस्ता दाखवते, तशीच मागे बसलेल्यांच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर असते. तिथे बहुधा घरातील मुले बसतात. तासाभरात काम उरकून घेण्याची घाई करताना एवढे आठवले, तरी पुरे.