‘विकणे आहे’ आणि मापाची सायकल

छोट्या जाहिरातींतले ‘विकणे आहे’ हे मराठी क्रियारूप मोठे सोयीचे आहे. त्यात कर्ता नाही. कोण विकतो, का विकतो याचा थांग लागू न देता वस्तू तेवढी पुढे केली जाते. सदनिका, कपाट, शिलाई यंत्र यांच्या बाबतीत हे खपून जाते. परंतु कोणा एकाच्या अंगाच्या मापाने बांधून घेतलेली पोलादी सायकल विकायची असेल, तर हा कर्तृलोप आमच्या मते अप्रामाणिक ठरतो.

नागपुरात हा प्रश्न अगदीच हवेतला नाही. येथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पुरी केली. पुढल्याच वर्षी रशियातली नऊ हजार किलोमीटरांहून लांब अशी ट्रान्स-सायबेरियन शर्यतही. वाकड्या हँडलची, अरुंद टायरची सायकल आता या शहराला अपरिचित नाही, आणि जी वस्तू शहरात आली ती कधी ना कधी दुसऱ्या हाती जाणारच. ती विकताना पहिली अडचण नावाचीच येते. ‘रोड बाईक’ म्हणावे, तर ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ असा प्रश्न येतो. नुसते ‘सायकल’ म्हणावे, तर किमतीचा आकडा ऐकून समोरचा हसतो.

खरी अडचण मापाची आहे. आपल्या पिढ्यान्‌पिढ्या बावीस नाही तर चोवीस इंची काळ्या सायकलींवर वाढल्या. शरीर कोणतेही असो, सायकल तीच. सीट वर-खाली करायची, आणि पाय पोचत नसेल तर कैची मारायची. मापाच्या सायकलीने हे नाते उलटे केले. मांडीची लांबी, हाताचा पल्ला, पाठ कितपत वाकते, हे सारे मोजून नळ्या कापल्या जातात आणि पितळेचा वा चांदीच्या मिश्रधातूचा डाख देऊन जोडल्या जातात. म्हणजे त्या त्रिकोणात पहिल्या मालकाचे शरीरच लिहिलेले असते. दुसऱ्याने ते तपासल्याशिवाय स्वीकारले, तर गुडघा आणि कंबर काही महिन्यांतच तक्रार करू लागतात.

पोलादाचा एक गुण येथे सांगायलाच हवा. इंग्लंडच्या रेनॉल्ड्सने १९३५ साली ‘५३१’ ही मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी आणली; त्या नळीचे जुने सांगाडे अजून रस्त्यावर आहेत. मागच्या चाकाची १२६ मिलिमीटरची जुनी जागा ताणून १३० करणे पोलादात जमते, अ‍ॅल्युमिनियममध्ये तो धोका कोणी पत्करू नये. गिअरची कळ १९९० साली दांडीवरून ब्रेकच्या मुठीत आली, तरी सांगाडा तोच राहू शकला. जुन्या सांगाड्यावर नवे सुटे भाग म्हटले की मराठी समीक्षकाला परंपरा आणि नवता आठवणारच. तो मोह आवरलेला बरा. असो.

मात्र जाहिरातीत मिरवतात ते हे नवे भागच. ‘शिमानो १०५’, बारा गिअर, डिस्क ब्रेक. हे भाग दुकानात सहज मिळतात, त्यांचा भाव सर्वांना ठाऊक असतो. जे दुसरीकडे कोठेही मिळणार नाही त्या सांगाड्याबद्दल एक ओळही नसते. सायकल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात बसत नाही, त्यामुळे तिची नोंदणी नाही, हस्तांतराचा कागद नाही. असलाच तर सांगाड्यावर ठोकलेला एक क्रमांक. तेव्हा विकणाऱ्याचा शब्द हाच दस्तऐवज, आणि म्हणून त्या शब्दांची जबाबदारी अधिक.

उपयोजित मराठीच्या तासाला आपण जाहिरातलेखन शिकवतो, म्हणजे बहुधा घोषवाक्ये घडवायला शिकवतो. साबणाला विशेषणे जोडण्याचा तो सराव वर्षानुवर्षे चालू आहे. त्याऐवजी विद्यार्थ्यांना अशी एखादी विक्रीची नोंद प्रथमपुरुषी लिहायला सांगावी. शब्दांसाठी कोशाकडे धावू नये. कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात चिमटा, छर्रे, चाकाचा आऊट काढणे हे शब्द अजून रोजच्या वापरात आहेत. नोंद साधारण अशी उतरावी:

‘मी माझी पोलादी सायकल विकतो आहे. माझी उंची १७२ सेंटिमीटर. वरची दांडी ५४५ मिलिमीटर. तुम्ही फार उंच असाल तर येण्याची तसदी घेऊ नये. एकदा पडलो, चिमटा वाकला, तो बदलला. सांगाडा सरळ आहे, दोरा लावून पाहावा. सीटच्या नळीत थोडा गंज आहे. पाठीच्या दुखण्यामुळे आता इतके वाकवत नाही, म्हणून विकतो. भागांची किंमत वेगळी लिहिली आहे, सांगाड्याची वेगळी.’