पावणेबाराला दोन मिनिटं कमी

१९५९ साली जमैकाच्या किनाऱ्यालगत समुद्राचा तळ उपसताना एडविन लिंक यांच्या मोहिमेला खिशात ठेवायचं एक जुनं घड्याळ सापडलं. काटे केव्हाच नाहीसे झालेले. पण वर साचलेल्या थराचा एक्स-रे काढला आणि काट्यांची खूण दिसली. पावणेबाराला दोन मिनिटं कमी!

दिवस होता ७ जून १६९२ चा. गाव, पोर्ट रॉयल. इंग्रजांनी १६५५ मध्ये स्पेनकडून हे बेट हिसकावलं आणि बंदराच्या तोंडाशी, वाळूच्या एका निमुळत्या पट्टीवर शहर वसवलं. साखर, गुलामांचा व्यापार आणि समुद्री चाच्यांची लूट यांवर ते गब्बर झालं. वस्ती साडेसहा हजारांच्या घरात. त्यात आफ्रिकेतून आणलेले गुलामही बरेच. जागा अपुरी, पण थाट लंडनचा हवा! म्हणून वाळूवर विटांची दोन-तीन मजली घरं उभी राहिली.

त्या सकाळी इथले धर्मगुरू हीथ यांना एका कॅप्टनकडे जेवणाचं आमंत्रण होतं. निघताना मित्रानं पाइप पेटवला आणि ‘जरा थांबा’ म्हणाला. हीथ थांबले. तेवढ्यात धक्के सुरू झाले. कॅप्टनचं घर पहिल्याच हादऱ्यात समुद्रात गेलं. तंबाखूनं जीव वाचवल्याचं उदाहरण विरळाच!

चौपाटीवर ओल्या वाळूत पाय थापत उभं राहिलं की पाणी वर येतं आणि पाय रुततो, हे तुम्हीही अनुभवलं असेल. इथे अख्खं शहर तसं रुतलं. भूकंपाच्या हादऱ्यांनी भिजलेल्या वाळूचे कण सुटे झाले, जमीन पातळ झाली आणि रस्ते, घरं, माणसं गिळत गेली. हादरे थांबताच वाळू पुन्हा घट्ट. काही जण तर गळ्यापर्यंत तिच्यात अडकले. दोन-तृतीयांश शहर पाण्याखाली गेलं. सुमारे दोन हजार माणसं त्याच दिवशी मेली, पुढच्या काही आठवड्यांत जखमा आणि रोगराईनं आणखी तीनेक हजार.

लुईस गॅल्डी नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याची गोष्ट त्याच्या थडग्यावरच कोरलेली आहे. एका धक्क्यानं जमिनीनं त्याला गिळलं, दुसऱ्यानं समुद्रात फेकलं. तो पोहत राहिला आणि होडीनं उचललं. पुढे १७३९ पर्यंत जगला!

चाच्यांच्या पापाची ही शिक्षा, असं तेव्हा अनेकांनी सांगितलं. साखळदंडांत आणलेल्या माणसांचं पाप मग कुठलं?

वाचलेले बरेच जण खाडीपलीकडे गेले आणि तिथे किंग्स्टन वसलं. १४ जानेवारी १९०७ च्या दुपारी तेही हादरलं. मागोमाग आग लागली आणि हजाराच्या आसपास माणसं गेली.

पोर्ट रॉयलचे बुडालेले रस्ते अजून पाण्याखालीच आहेत. २०२५ मध्ये युनेस्कोनं त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.