परत फिरण्याचे धैर्य

१४ सप्टेंबर २०२३ ची सायंकाळ. मुंबईत मुसळधार पाऊस कोसळत होता आणि विमानतळावर जेमतेम ७०० मीटरपर्यंतचेच दिसत होते. विशाखापट्टणमहून आलेले ‘लिअरजेट ४५’ हे छोटे खासगी विमान पाचच्या सुमारास उतरत असताना धावपट्टीवरून बाजूला घसरले आणि मोडले. सहा प्रवासी व दोन वैमानिक असे आठही जण वाचले, हे सर्वांचे भाग्य.

त्या अपघाताचे कारण शोधणे हे तपास यंत्रणेचे काम. आपण कोणाला दोष देऊ नये. परंतु त्या निमित्ताने विमानविद्येतील एक नियम ध्यानी घेण्याजोगा आहे. उतरताना वेग, दिशा आणि खाली येण्याची गती ठराविक उंचीपर्यंत स्थिर झाली नाही, किंवा धावपट्टी दिसली नाही, तर वैमानिकाने उतरण्याचा प्रयत्न सोडून पुन्हा वर जावे. यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. यात इंधन अधिक लागते, वेळ जातो; तरीही वैमानिकाच्या शिक्षणात ही माघार कमीपणाची मानली जात नाही. उलट, तिचा सराव करून घेतला जातो.

आपल्या परभणीत विमानतळ नाही; विमान गाठायचे तर नांदेडची वाट धरावी लागते. गेल्या पावसाळ्यात त्याच वाटेने परतताना वसमतच्या अलीकडे एका ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत होते. चालकाने गाडी थांबवली. पेढीवर व्यापारी खोळंबले होते, म्हणून मी म्हणालो, “घाला हो गाडी, एवढ्याशा पाण्याने काय होते?” त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “शेठजी, पाण्याखाली पूल आहे की नाही, हे मला दिसत नाही.” आम्ही तीन तास थांबलो. पाणी ओसरले तेव्हा पुलाचा एक कठडा आणि कडेचा भराव वाहून गेलेला दिसला. मी मान खाली घातली.

तोट्याचा सौदा वेळीच सोडणाऱ्यास आपण शहाणा व्यापारी म्हणतो. मग प्रवासात तोच विवेक आपण का गमावतो? विमानातील प्रवासी असो वा गाडीतील मालक, त्याच्या घाईचे ओझे चालवणाऱ्याच्या हातांवर पडते. म्हणून निघण्यापूर्वीच त्यास सांगून ठेवावे, “उशीर झाला तरी चालेल, जोखीम वाटली तर परत फिरा.” हुकलेला व्यवहार पुन्हा जुळतो. घरी वाट पाहणाऱ्यांना मात्र दुसरा हिशेब ठाऊक नसतो.